दोस्ती, दुश्मनी आणि पाच पॉइंट्स

तुमचा जिगरी दोस्त तुमच्याच वर्गात आहे, अभ्यासही एकत्रच होतो. पण प्लेसमेंटला आलेल्या कंपनीत जागा एकच आहे. काय कराल? प्रश्न कट्ट्यावरचा वाटतो ना? २०१६ चा फॉर्म्युला वनचा अख्खा सीझन याच प्रश्नावर रंगला होता.

लुईस हॅमिल्टन आणि निको रॉसबर्ग, दोघंही १९८५ चे. निकोचे वडील केके १९८२ चे विश्वविजेते, तर लुईसच्या बाबांनी पोराच्या रेसिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. कार्टिंगच्या दिवसांत ही पोरं एकाच टीममध्ये होती. २०१३ मध्ये मर्सिडीजमध्ये ती पुन्हा एकत्र आली, आणि इथेच दोस्तीला तडा गेला. कारण फॉर्म्युला वनमध्ये तुमचा पहिला शत्रू असतो तुमचाच टीममेट. गाडी सारखीच, मग हरल्यावर सबब काय सांगणार? २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं लुईस चॅम्पियन, निको दुसरा.

२०१६ मध्ये निको पेटून उठला. पहिल्या चारही रेस त्याच्या! पाचव्या रेसमध्ये, स्पेनला, पहिल्याच लॅपमध्ये दोघं एकमेकांवर आदळले आणि दोघंही बाहेर. रेस कोण जिंकलं माहितीये? १८ वर्षांचा मॅक्स व्हर्स्टॅपन! ऑस्ट्रियात शेवटच्या लॅपला पुन्हा टक्कर. मलेशियात पुढे असलेल्या लुईसच्या इंजिनने पेट घेतला आणि हातातले २५ पॉइंट्स धुरात गेले.

इकडे निकोने वजन उतरवायला सायकलिंग सोडलं, पायाचे स्नायूसुद्धा कमी केले. हे वेड वाटेल, पण जपानमध्ये त्याने पोल पोझिशन मिळवली ती फक्त ०.०१३ सेकंदांनी. ती रेसही त्यानेच मारली.

गणिताचा पेपर

आता चार रेस उरल्या होत्या आणि निको ३३ पॉइंट्सनी पुढे होता. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, म्हणजे फरक सातचा. लुईसने चारही जिंकल्या तरी तुटणार फक्त २८. निकोला प्रत्येक वेळी दुसरं यायचं होतं, बस्स. ऐकायला सोपं आहे, करून बघा!

लुईसने खरंच चारही जिंकल्या. निको चारही वेळा दुसरा आला. अबू धाबीच्या शेवटच्या रेसमध्ये तर लुईसने मुद्दाम वेग कमी केला, मागच्यांनी निकोला गाठावं म्हणून. टीम रेडिओवरून ‘वेग वाढव’ सांगत होती, पण हा ऐकतोय कुठला! मागे व्हेटेल अगदी चिकटला होता. निको डगमगला नाही. अंतिम हिशेब: निको ३८५, लुईस ३८०. गंमत म्हणजे सीझनमध्ये रेस जास्त जिंकल्या होत्या लुईसनेच, दहा. निकोच्या नऊ.

आणि मग पाचच दिवसांत, ३१ व्या वर्षी, निकोने निवृत्ती जाहीर केली. आपलं शिखर सर झालं, आता घरच्यांना वेळ द्यायचा, असं त्याचं म्हणणं.

काहींना तो पळपुटेपणा वाटला. लुईसने पुढे आणखी चार टायटल्स जिंकून सातचा आकडा गाठला, तेव्हा ‘निको थांबायला नको होता’ म्हणणारेही निघाले. पण बघा, त्या एका कपासाठी त्याने काय काय मोजलं, हे त्यालाच ठाऊक होतं. तेच पुन्हा मोजायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं. मला तरी हा निर्णय ट्रॉफीइतकाच भारी वाटतो. तुम्हाला काय वाटतं? आज कट्ट्यावर विषय काढा, भांडण नक्की होईल!