साखरेच्या दाण्याची साक्ष

गुलाबजामाच्या पाकात लिंबू पिळले म्हणजे पाकात खडे धरत नाहीत, हे ज्ञान आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामागील कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. पाक उकळत असता लिंबाच्या आम्लाने काही साखर फुटते व तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. गवंड्याने विटेशेजारी वीट रचावी तसा साखरेचा दाणा वाढतो. त्या रचनेत हे सुटे भाग नीट बसत नाहीत आणि नव्या विटेची वाट अडवतात.

वाट अडवणारा पदार्थ दाण्याच्या ठरावीक बाजूंनाच चिकटणारा असेल, तर त्याच बाजूंची वाढ मंदावते. इतर बाजू पुढे सरकत राहतात आणि दाण्याचे रूपच पालटते. युरोपात बीटपासून साखर करतात. बीटच्या रसात रॅफिनोज नावाची तीन दुव्यांची साखर अल्प प्रमाणात असते. तिचे दोन दुवे नेहमीच्या साखरेसारखेच असल्याने ती दाण्यात सहज जागा मिळवते; तिसरा दुवा बाहेर राहून पुढच्या रेणूला अटकाव करतो. असा दाणा लांबट होतो.

आमच्या सीमाभागात हेच काम शिळा ऊस करतो. बेळगाव-खानापूर रस्त्यावरील मच्छे गावावरून गळीत हंगामात उसाने भरलेली वाहने जाताना आम्ही दरवर्षी पाहतो. तोडलेला ऊस शेतात वा कारखान्याच्या आवारात पडून राहिला, की कापलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक जातीचे जंतू आत शिरतात. साखर खाऊन ते डेक्स्ट्रन नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात. त्याने रस दाटतो, गाळणे अवघड होते आणि दाणा लांबोडका, कधी सुईसारखा वाढतो. अशा दाण्यांना मळी चिकटून राहते. ती धुवून काढावी तर पाण्याबरोबर साखरही विरघळून जाते.

गुऱ्हाळाचाही अनुभव निराळा नाही. रानभेंडीच्या चिकाने गुळव्या रसातील मळ वर आणून काढतो. परंतु शिळ्या उसात फुटलेली साखर त्याला काढता येत नाही. मग गूळ मऊ व चिकट होतो, ढेप नीट बसत नाही.

तोडणीपासून २४ तासांच्या आत ऊस गाळावा, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. विलंबाने ऊस वाळतो, वजन घटते आणि वजनावर दर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी तूट येते. कारखान्याचा उतारा घसरतो तो वेगळाच. तोडणीची पाळी, वाहन आणि गव्हाण यांचा मेळ बसला, तर दोघांचेही हित साधते. हा मेळ कुठे चुकला, हे साखरेचा दाणा आपल्या आकाराने सांगत असतो. तो वाचणारी दृष्टी आपल्या मुलांना शाळेतच लाभावी, असे आम्हांस वाटते.