आसने, तास आणि वैमानिक: अमेरिकी प्रादेशिक विमानसेवेची तीन दशके

विमान वाहतुकीच्या व्यवसायात प्रादेशिक कंपनीचे स्थान वेगळे असते. लहान शहरांतील प्रवासी मुख्य कंपन्यांच्या मोठ्या विमानतळांपर्यंत आणून पोहोचवणे हे तिचे काम, आणि त्यासाठी ती साधारणपणे १९ ते ७६ आसनांची विमाने वापरते. अमेरिकेत १९९३ ते २०२४ या काळात अशा कंपन्यांची आधी जी भरभराट आणि नंतर जी ओढाताण झाली, तिची कारणे बहुधा इंधनाचे दर, मंदी आणि महासाथ यांत शोधली जातात. ही कारणे खरी असली, तरी या तीन दशकांचा ताळेबंद मांडताना असे दिसते की, कोणती विमाने किती घ्यायची हे ठरवताना वैमानिक हवे तेवढे मिळतीलच, असे गृहीत धरले गेले होते. ते गृहीतक ढासळल्यावर मात्र ताफ्याची आखणी उलट क्रमाने, म्हणजे आधी वैमानिक आणि मग विमान अशी, करणे भाग पडले.

१९७८च्या कायद्याने अमेरिकेतील हवाई वाहतूक सरकारी नियंत्रणातून मोकळी झाली आणि मुख्य कंपन्यांनी आपली उड्डाणे शिकागो, अटलांटा, डॅलस अशा मोजक्या केंद्रांभोवती गुंफली. या केंद्रांना जोडणाऱ्या छोट्या मार्गांवर पूर्वी पंख्याची विमाने असत. १९९३मध्ये कॉमएअर या कंपनीने ५० आसनांचे सीआरजे हे जेट विमान अमेरिकेत प्रथम सेवेत आणले आणि पुढील दहा वर्षांत अशा जेट विमानांची मागणी झपाट्याने वाढली. हा व्यवहार ज्या करारावर उभा राहिला, त्याला क्षमता-खरेदी करार म्हणतात. त्यात तिकिटे विकणे, भाडे ठरवणे आणि इंधनाचा खर्च उचलणे ही जबाबदारी मुख्य कंपनीची असते, तर प्रादेशिक कंपनीला विमान उडवण्याबद्दल ठरीव मोबदला मिळतो. प्रवासी कमी आले तरी हा मोबदला मिळत असल्याने प्रादेशिक कंपनीचा नफा तिच्या स्वतःच्या खर्चावर अवलंबून राहिला, आणि त्या खर्चात तिच्या हाती असलेली मोठी बाब होती कर्मचाऱ्यांचे, विशेषतः नवख्या सहवैमानिकांचे, वेतन.

विमानाचा आकार मात्र प्रादेशिक कंपनीच्या हाती नव्हता. मुख्य कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपली कामे स्वस्त कंपन्यांकडे वळू नयेत म्हणून वेतनकरारांत ‘स्कोप’ नावाचे कलम घालून घेतले होते, ज्यानुसार बाहेरच्या कंपनीकडून उडवून घेण्याच्या विमानांची आसनसंख्या, वजन आणि एकूण संख्या यांवर मर्यादा येत असे. २००१च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुख्य कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा या मर्यादा सैल झाल्या आणि पुढे ७६ आसने व ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९,००० किलो, कमाल उड्डाणवजन ही सीमा रुळली. या सीमेने जगभरातील विमाननिर्मात्यांचे आराखडेही बांधून टाकले. अधिक कार्यक्षम इंजिनांचे एम्ब्राएर ई१७५-ई२ हे विमान या वजनात बसेना, म्हणून अमेरिकेत ते सेवेत आले नाही. मित्सुबिशीने ही सीमा सैल होईल या आशेवर आखलेले विमान पुढे लहान करायला घेतले, परंतु २०२०मध्ये प्रकल्प थंडावला आणि २०२३मध्ये तो कायमचा बंद झाला.

या साऱ्या रचनेत वैमानिकांचा पुरवठा हा प्रश्न फारसा कोणाला पडत नव्हता, कारण प्रादेशिक कंपनीतील नोकरी ही उमेदवारीची पायरी मानली जाई. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे सुमारे २५० तासांचे उड्डाण पूर्ण केलेला तरुण तुटपुंज्या पगारावर सहवैमानिक होई, काही वर्षांनी कॅप्टन होई आणि मुख्य कंपनीत जागा निघाली की तिकडे जाई. डिसेंबर २००७मध्ये निवृत्तीचे वय ६०वरून ६५ झाल्याने मुख्य कंपन्यांतील जागा पाच वर्षे रिकाम्याच झाल्या नाहीत, त्यामुळे खालच्या पायरीवर गर्दी टिकून राहिली आणि टंचाई टळलेली नसून केवळ लांबणीवर पडली आहे, हे लक्षात आले नाही.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे क्यू४०० विमान बफेलोजवळ कोसळून विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. विमानाचा वेग धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याची सूचना मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी दांडी मागे ओढली, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्याचबरोबर सहवैमानिकेचा अल्प पगार, कामावर येण्यासाठी तिने केलेला देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रात्रीचा प्रवास आणि वैमानिकांचा थकवा हे विषयही चव्हाट्यावर आले. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०१०मध्ये नवा कायदा संमत झाला. त्यानुसार २०१३पासून सहवैमानिकालाही पूर्वी फक्त कॅप्टनला लागणारा, १,५०० उड्डाण-तासांचा परवाना आवश्यक ठरला. लष्करी वैमानिकांना ७५० आणि मान्यताप्राप्त पदवीधरांना १,००० तासांची सवलत ठेवण्यात आली. अपघातग्रस्त विमानातील दोन्ही वैमानिकांचा अनुभव १,५०० तासांहून अधिक होता, ही गोष्ट या नियमाचे टीकाकार आजही पुढे करतात. जानेवारी २०१४पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्याने दोन कामांमधील विसावाही वाढला. सुरक्षेच्या दृष्टीने या सुधारणांचे मोल काहीही असो, मनुष्यबळाच्या हिशोबात त्यांचा अर्थ असा झाला की वैमानिक तयार होण्याचा काळ लांबला आणि त्याच वेळी तितक्याच फेऱ्यांना अधिक वैमानिक लागू लागले.

हा हिशोब जवळून पाहण्यासारखा आहे. रोज आठ-नऊ तास उडणाऱ्या विमानाचे वर्षाला सुमारे ३,००० तास भरतात आणि नियमाप्रमाणे एका वैमानिकाला वर्षभरात १,००० तासांपेक्षा अधिक उडता येत नाही, म्हणजे कागदावर एका विमानामागे कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या तीन जोड्या पुरायला हव्यात. परंतु रजा, आजारपण, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि ऐनवेळी लागणारे राखीव मनुष्यबळ जमेस धरले, की हा आकडा पाचच्या आसपास जातो. त्यातली एक जोडी कमी पडली तर विमान उभे राहत नाही, पण त्याच्या फेऱ्या घटतात, आणि भाडेपट्ट्याचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो. वायोमिंगमधील ग्रेट लेक्स एअरलाइन्सने यातून काढलेली वाट विलक्षण होती. तिने १९ आसनांच्या बीचक्राफ्ट विमानांतील दहा आसने काढून टाकली, कारण नऊ आसनी विमान वेगळ्या नियमावलीत मोडत असे आणि तिथे सहवैमानिकाला १,५०० तासांची अट नव्हती. वैमानिक मिळावेत म्हणून प्रवाशांच्या निम्म्याहून अधिक जागा सोडण्याचा हा उपाय फार काळ टिकला नाही आणि मार्च २०१८मध्ये कंपनीने उड्डाणे थांबवली.

मोठ्या कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. वैमानिकाला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि पात्रता लागते, त्यामुळे ताफ्यात तीन प्रकारची विमाने असली की तीन वेगळे वैमानिक-गट आणि तीन वेगळे राखीव गट बाळगावे लागतात, शिवाय वैमानिक एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना काही आठवडे उड्डाणाच्या कामातून बाहेर राहतो. फेब्रुवारी २०१६मध्ये वैमानिकांच्या टंचाईचे कारण देत दिवाळखोरीत गेलेली रिपब्लिक एअरवेज, इतर प्रकारची विमाने काढून केवळ एम्ब्राएर १७०-१७५ या एकाच कुळाच्या विमानांवर उभी राहून, त्यातून बाहेर पडली. २०१७च्या उन्हाळ्यात वैमानिकांअभावी ३००हून अधिक फेऱ्या रद्द करणाऱ्या होरायझन एअरनेही जानेवारी २०२३मध्ये क्यू४०० विमाने निवृत्त करून तोच मार्ग पत्करला, वास्तविक छोट्या अंतरावर क्यू४००सारखे पंख्याचे विमान इंधन कमी खाते.

महासाथीने टंचाई काही काळ झाकली आणि मग तीव्र केली. २०२०मध्ये कंपास, ट्रान्स स्टेट्स आणि एक्सप्रेसजेट यांनी नियमित सेवा बंद केल्या. दुसरीकडे मुख्य कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतल्यावर मुख्य कंपन्यांनी त्या जागा प्रादेशिक कंपन्यांतील कॅप्टनांनी भरल्या. मार्च २०२२मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावर चालणारी २९ शहरांची सेवा सोडण्याची सूचना दिली आणि त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने आपली सुमारे १०० प्रादेशिक विमाने वैमानिकांअभावी उभी असल्याचे सांगितले. जूनमध्ये अमेरिकनच्याच मालकीच्या एन्व्हॉय आणि पिडमाँट या कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन तासाला ९० डॉलरपर्यंत नेले आणि इतरांना त्यांच्या मागे जावे लागले. स्वस्त वेतनावर बेतलेले ५० आसनी विमानाचे गणित त्यानंतर जुळेनासे झाले, कारण तोच पगार ७६ प्रवाशांवर विभागला तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी खर्च येतो.

वाढलेल्या पगाराने सहवैमानिकांचा प्रश्न बराचसा सुटला, तरी कॅप्टनांचा सुटला नाही. कॅप्टन होण्यापूर्वी नियमित विमानसेवेतील १,००० तासांचा अनुभव लागतो, त्यामुळे आज भरती केलेला सहवैमानिक आजची कॅप्टनची जागा भरू शकत नाही, आणि अनुभव पुरा होताच मुख्य कंपनी त्याला बोलावते. २०२४मध्ये अमेरिकी संसदेने विमान वाहतुकीचा कायदा नव्याने मंजूर केला, तेव्हा १,५०० तासांची अट आणि ६५ हे निवृत्तीचे वय दोन्ही कायम राहिले. त्यामुळे पुरवठा वाढवण्याची जबाबदारी पुन्हा कंपन्यांकडेच आली, आणि स्वतःच्या प्रशिक्षणसंस्था, विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य, मुख्य कंपनीत प्रवेशाची हमी अशा योजना ताफ्याच्या आराखड्याचाच भाग बनल्या. भाडेपट्ट्याने घेतलेले विमान काही महिन्यांत दारात उभे राहते, पण कॅप्टन घडण्यास पुष्कळ वर्षे लागतात. या दोन कालावधींतील तफावत पहिली वीस वर्षे हिशोबात धरली गेली नाही, आणि पुढच्या दहा वर्षांतील बंद पडलेले मार्ग, विकलेली विमाने आणि वाढलेले पगार ही तिचीच परतफेड होती.