एका तारखेची झडती : २३ एप्रिल

वर्तमानपत्रांतील दिनविशेषाचें सदर सुशिक्षित घरांत आवडीनें वाचलें जातें. अमुक तारखेस कोण जन्मला, कोण निवर्तला, कोठें लढाई झाली, एवढें चार ओळींत सांगून तें संपतें. वाचणाराच्या मनांत मात्र एक कुतूहल शिल्लक राहतें. इतक्या थोर व्यक्ति आणि इतके मोठे प्रसंग एकाच तारखेस कसे जुळून आले? हा निव्वळ योगायोग, कीं त्या दिवसाचेंच कांहीं माहात्म्य? या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठीं एखादी तारीख घेऊन तिची झडती घेणें हाच सरळ मार्ग होय. आणि त्या कामीं २३ एप्रिल ही तारीख मोठी सोयीची आहे.

या तारखेची सर्वांत प्रसिद्ध कथा दोन ग्रंथकारांची आहे. इंग्लंडचा शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा कर्ता, स्पेनचा सर्व्हांतेस, हे दोघेहि २३ एप्रिल १६१६ रोजीं वारले, असें सांगण्यांत येतें. शेक्सपिअरचा जन्महि याच तारखेचा मानतात. दोन भाषांचे दोन शिरोमणि एकाच दिवशीं जगाचा निरोप घेतात, ही कल्पना इतकी मनोहर आहे कीं युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९५ सालीं जागतिक पुस्तक दिन ठरवितांना हीच तारीख निवडली. स्पेनमधील कातालोनिया प्रांतांत तर त्यापूर्वींपासूनच या दिवशीं एकमेकांना गुलाबाचें फूल आणि पुस्तक देण्याची चाल आहे.

परंतु दप्तरें उघडतांच कथेचा रंग पालटतो. शेक्सपिअरच्या जन्मदिवसाची नोंद कोठेंच नाहीं. स्ट्रॅटफर्ड येथील देवळांत त्याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ रोजीं झाला, एवढीच नोंद आहे. त्यावरून मागें जाऊन लोकांनीं २३ ही तारीख धरली. सर्व्हांतेसचा अंत २२ तारखेस झाला आणि २३ ला त्याचें दफन झालें, असें आतां अभ्यासक मानतात. याहूनहि मोठी गोष्ट पुढेंच आहे. इंग्लंडची २३ एप्रिल आणि स्पेनची २३ एप्रिल हे त्या सालीं मुळीं एक दिवसच नव्हते!

याचें कारण समजण्यास पंचांगाचा थोडा विचार केला पाहिजे. रोमन सेनानी जूलियस सीझर यानें चालू केलेल्या कालगणनेंत वर्ष बरोबर तीनशें पासष्ट दिवसांचें नव्हे, तर तीनशें पासष्ट दिवस आणि सहा तास, असें धरलें होतें. सूर्याचें खरें वर्ष त्याहून सुमारें अकरा मिनिटांनीं लहान आहे. अकरा मिनिटें म्हणजे क्षुल्लक गोष्ट. पण सुमारें १२८ वर्षांत तिचा एक संपूर्ण दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत ऋतु आणि तारखा यांत दहा दिवसांचें अंतर पडलें. तें दूर करण्यासाठीं पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसास १५ ऑक्टोबर म्हणावें, असें फर्मान काढलें. शिवाय ज्या शतकवर्षाला ४०० नें भाग जात नाहीं, तें लीप वर्ष धरूं नये, असाहि नियम केला. स्पेननें तो तात्काळ मानला. इंग्लंड पोपचा अधिकार मानीत नसल्यामुळें तेथें जुनी गणनाच १७५२ पर्यंत चालली. म्हणून शेक्सपिअर वारला त्या दिवशीं माद्रिद शहरांत ३ मे ही तारीख होती, आणि सर्व्हांतेसला मूठमाती मिळून दहा दिवस लोटले होते.

रशियानें नवी गणना १९१८ सालीं पतकरली. त्यामुळें नाबोकोव्ह या कादंबरीकाराच्या बाबतींत एक गंमत झाली. त्याचा जन्म रशियन गणनेनें १० एप्रिल १८९९ चा. युरोपीय गणनेनें ती २२ एप्रिल. परंतु १९०० साल जुन्या गणनेंत लीप वर्ष होतें, नव्या गणनेंत नव्हतें. दोहोंतील अंतर बारांचें तेरा दिवस झालें, आणि त्याचा वाढदिवस २३ एप्रिलवर येऊं लागला. माणूस तोच, जन्माची घटकाहि तीच. वाढदिवस मात्र एका दिवसानें पुढें सरकला!

महाराष्ट्राला हा घोटाळा नवा नाहीं. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा धरला, म्हणजे जुन्या युरोपीय गणनेनें १९ फेब्रुवारी १६३० येतो आणि नव्या गणनेनें १ मार्च. शिवजयंति तिथीनें करावी कीं तारखेनें, या वादाच्या मुळाशीं हेंच आहे, कीं काळ एक असला तरी तो मोजण्याच्या फूटपट्ट्या अनेक आहेत.

मग तारखा खऱ्या असून जुळतात, तेथें तरी दैवी संकेत मानावा काय? येथें गणित उत्तर देतें. एखाद्या दिवाणखान्यांत अवघीं २३ माणसें जमलीं, तरी त्यांपैकीं कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. हें ऐकून प्रथम विश्वास बसत नाहीं. पण २३ माणसांच्या वेगवेगळ्या जोड्या २५३ होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आश्चर्य ओसरतें. माणसें ५७ झालीं, कीं हा संभव शंभरांत नव्व्याण्णव होतो. इतिहासांत तर नांवाजलेलीं माणसें हजारोंनीं आहेत आणि वर्षाचे दिवस ३६५ च. तेव्हां प्रत्येक तारखेच्या पदरीं दहापांच थोर नांवें पडणें क्रमप्राप्तच आहे. जी तारीख रिकामी राहील, तीच खरी नवलाची!

तथापि या जुळणीला कांहींच अर्थ नाहीं, असेंहि नव्हे. २३ एप्रिल १८५८ हा एकच दिवस घ्यावा. पश्चिम घाटांत गंगामूळच्या अरण्यांत अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमांत त्या दिवशीं एक कन्या जन्मली. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या आग्रहापायीं शास्त्रीबोवांनीं गांव सोडून रानांत बिऱ्हाड केलें होतें. हीच कन्या पुढें पंडिता रमाबाई म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच दिवशीं उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरील कील गांवीं माक्स प्लांक जन्मला. उष्ण पदार्थांतून बाहेर पडणारी शक्ति अखंड धारेनें नव्हे, तर लहान लहान पुंजांनीं वाहते, असें मानून त्यानें १९०० सालीं पदार्थविज्ञानांत नवें युग सुरू केलें. आणि त्याच दिवशीं बिहारांत जगदीशपूरजवळ ऐंशीच्या घरांतील वृद्ध, घायाळ कुंवरसिंहांनीं कंपनी सरकारच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची प्राणज्योत मालवली.

एका माथ्यावरील सूर्यानें हे तिन्ही प्रसंग पाहिले. पण शाळेंतील पुस्तकांत ते तीन निरनिराळ्या प्रकरणांत, नव्हे तीन निरनिराळ्या विषयांत विखुरलेले असतात. तारीख त्यांना क्षणभर एका पंगतीस बसविते. सत्तावनचा वणवा विझत असतां स्त्रीशिक्षणाची आणि नव्या विज्ञानाची बीजें कोठें पडत होतीं, हें तेव्हां एका दृष्टिक्षेपांत दिसतें. शिवाय एकाच दिवशीं जन्मलेल्या रमाबाई आणि प्लांक यांचीं चरित्रें ताडून पाहिलीं, तर माणसाला घडवितें तें त्याचें घर, त्याचा काळ आणि त्याचा प्रयत्न, जन्मतारीख नव्हे, हेंहि आपोआप सिद्ध होतें.

या तारखेस आणखी एक प्रसंग जोडला गेला तो १९३० सालीं. पेशावरच्या किस्साखानी बाजारांत निःशस्त्र जमावावर सरकारी गोळीबार होऊन अनेक पठाण प्राणास मुकले. त्याच पेशावरांत चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सोबत्यांनीं नि:शस्त्रांवर गोळी झाडण्याचें साफ नाकारलें आणि त्यापायीं तुरुंगवास पत्करला. हुकूम मोडणाऱ्या शिपायांचें हें स्मरण कोणत्याहि विजयदिनाच्या तोडीचें आहे.

तेव्हां दिनविशेष वाचतांना दोन गोष्टी विचाराव्या : ही तारीख कोणत्या पंचांगाची, आणि ती कोणत्या नोंदीवर उभी आहे? त्यानंतर तिसरीहि एक विचारावी : या पंगतींत कोणाचें पान मांडावयाचें राहिलें? पुस्तक दिनीं ज्या दोघांचें स्मरण होतें, त्यांच्या तारखा एकमेकींशीं जुळतहि नाहींत. त्याच दिवशीं जन्मलेल्या रमाबाईंनीं हिंदु उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें; तें १८८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें, त्याच्या वाचकांनीं मदतीचा हात पुढें केला, आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुस्तकानें काय घडूं शकतें, याचा दाखला पुस्तक दिनास याहून जवळचा मिळणें कठीण.