काँगो: मिळकत कोणाची?

नरसी नामदेवच्या यात्रेस निघालेल्या वारकऱ्यास आफ्रिकेतील काँगोविषयी काही सांगू गेल्यास, त्या दूरदेशाशी आमचा संबंध काय, असे तो विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

कयाधूकाठचा हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या संस्थानात सरकारी मुलुखाखेरीज 'सर्फ-ए-खास' म्हणून निजामाच्या खासगी उत्पन्नाचा प्रदेश निराळा असे. तेथील रयत म्हणजे एका गृहस्थाच्या मिळकतीवरील कुळेच! काँगोत तर अवघा देशच अशी मिळकत बनला. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ मध्ये युरोपीय राष्ट्रांच्या संमतीने तो स्वतःच्या नावे करून घेतला. तेथे त्याने जन्मात पाऊल ठेवले नाही. वहिवाटीची राने व शिकारीची जंगले 'बेवारस' ठरवून त्याने सरकारजमा केली. रबराचा ठरीव भरणा न करणाऱ्या गावांवर शिपाई धाडले, आणि माणसांचे हात तोडले गेले. हे सारे कायद्याच्या नावाने चालले होते, हे आमच्या वकीलबंधूंनी विसरू नये. रॉजर केसमेंट याचा १९०४ चा अहवाल व मोरेल याची चळवळ यांनी बोभाटा केला, तेव्हा कोठे १९०८ मध्ये तो मुलूख बेल्जम सरकारकडे गेला.

३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य आले. सात महिने लोटण्यापूर्वीच पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून झाला. मोबुटूने १९६५ पासून १९९७ पर्यंत देश लुटला, पुढे युद्धे.

आज हा देश महाराष्ट्राच्या साडेसातपटीहून मोठा असून वस्ती दहा कोटींवर आहे. (नदीपलीकडे ब्राझाव्हिलचे दुसरे काँगो आहे, ते हे नव्हे.) तांबे, हिरे विपुल, जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक येथला. तरीही प्रजा दरिद्री, आणि हाताने खणावयाच्या खाणींत लहान मुलेही राबतात. वारकऱ्याच्या खिशातील मोबाईलच्या बॅटरीत बहुधा हाच कोबाल्ट असतो; हा दुसरा संबंध.

२०१८ मध्ये तेथील सरकारने कोबाल्टवरील स्वामित्वशुल्क शेकडा दोनांवरून दहांवर नेले. तो पैसा खाणीवरील गावाच्या शाळेपर्यंत पोचतो काय, हे तेथील रयतेने विचारावे. आमच्या बाजारात येणारा कोबाल्ट कोणत्या खाणीतला व कोणाच्या हातांनी काढलेला, हे आयातदाराने जाहीर करावे, असा कायदा मात्र आम्ही आमच्या लोकसभेपाशी मागितला पाहिजे.