वेगळ्या चुलीची गोष्ट

३ फेब्रुवारी १९८५. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता. आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट. 'कार्व्हर-हॉकआय' हे तिथले बंदिस्त क्रीडागृह साडेपंधरा हजार माणसांचे. त्या दिवशी आत शिरली २२,१५७ माणसे! कॉलेजच्या मुलींच्या सामन्याला अमेरिकेत तोवर कधी एवढी गर्दी जमली नव्हती. आयोवाच्या मुली ४७-५६ अशा हरल्या. वर, मर्यादेबाहेर माणसे आत घेतली म्हणून महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख बाईंना कानउघाडणीचे पत्रही आले. त्या पत्राचे बाईंना कधी वाईट वाटले नाही.

या बाई म्हणजे डॉ. क्रिस्टीन ग्रँट.

जन्म १९३६ चा, स्कॉटलंडमधल्या बोनेस गावचा. पेशा व्यायामशिक्षिकेचा, प्रेम हॉकीवर. १९६१ साली त्या कॅनडाला गेल्या, तिथे हॉकीच्या प्रशिक्षक झाल्या आणि पुढे शिकायला म्हणून आयोवाला आल्या, त्या तिथल्याच झाल्या. १९७३ साली विद्यापीठाने मुलींच्या खेळांचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो त्यांच्या हाती दिला. पुढची सत्तावीस वर्षे त्यांनी तो सांभाळला.

आपल्याकडे कॉलेजचा क्रीडासंचालक म्हटले की जिमखान्याच्या किल्ल्या, चेंडू-जाळ्यांचा हिशेब आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची धावपळ डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत हा मोठा कारभार असतो. प्रशिक्षक नेमायचे, शिष्यवृत्त्या वाटायच्या, तिकिटे खपवायची, देणग्या मिळवायच्या. पैसा कुठे जाईल हे ठरवणारी ही खुर्ची. तिच्यावर बाई बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

त्याआधी एकच वर्ष, १९७२ साली, 'टायटल नाईन' हा कायदा झाला होता. मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करून कुणाला वगळता येणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. त्यात खेळाचे नावसुद्धा नाही! मग मैदानावर समान संधी म्हणजे नेमके काय? याचे उत्तर शोधणाऱ्या सरकारी कचेरीला ग्रँटबाईंनी सल्ला दिला, अमेरिकन काँग्रेसपुढे साक्षी दिल्या.

त्यांचा एक आग्रह मात्र अनेकांना खटकणारा होता. मुलींच्या खेळांची चूल वेगळीच हवी. एकत्र कुटुंबात थोरल्याचे ताट आधी वाढले जाते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हा थोरला म्हणजे मुलांचा फुटबॉल. उरलेसुरले धाकटीच्या वाट्याला येणार. म्हणून अंदाजपत्रक आपले, प्रशिक्षक आपले, निर्णयही आपले. १९८३ साली त्यांनी सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना बास्केटबॉलसाठी आणले आणि दोनच वर्षांत ती विक्रमी गर्दी उसळली. १९८६ साली हॉकी संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९३ साली बास्केटबॉल संघ देशातल्या अखेरच्या चारांत पोचला.

देशपातळीवर मात्र बाई हरल्या. मुलींच्या कॉलेज-क्रीडेची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना होती, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. पण १९८१-८२ मध्ये मुलांच्या बलाढ्य संघटनेने, 'एनसीएए'ने, मुलींच्या स्पर्धा सुरू केल्या. तिच्याकडे पैसा होता, टीव्ही होता. कॉलेजे तिकडे वळली, बाईंची संघटना बंद पडली, कोर्टानेही साथ दिली नाही. पुढे मुलींच्या खेळांत पैसा आला, खेळाडू वाढल्या. खुर्च्या मात्र गेल्या. १९७२ साली मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले.

२००० साली बाई निवृत्त झाल्या आणि आयोवातही दोन्ही चुली एक झाल्या. दोन कचेऱ्यांचा दुहेरी खर्च कशाला, हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण २०१४ साली तिथल्या महिला हॉकी प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले, त्यावरून वाद पेटला, आणि २०१७ साली विभागातल्याच एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याशी भेदभाव झाल्याचा कौल ज्यूरीने दिला. विद्यापीठाने अखेर दोघींशी मिळून ६५ लाख डॉलरची तडजोड केली. वेगळ्या चुलीचा आग्रह नुसता हट्ट नव्हता, हे तेव्हा पुष्कळांना उमगले असेल.

निवृत्तीच्या त्याच वर्षी बाईंनी लिसा ब्लूडर यांना बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून निवडले होते. पुढे ब्लूडर यांच्या हाताखाली केटलिन क्लार्क नावाची मुलगी घडली. ३१ डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ग्रँटबाई गेल्या. क्लार्कचे वादळ तेव्हा कुठे उठू लागले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाच्या मुली चक्क फुटबॉलच्या मैदानावर बास्केटबॉल खेळल्या, ५५,६४६ प्रेक्षकांसमोर. थोरल्याचे अंगणही त्या दिवशी धाकटीने भरून दाखवले.

३ मार्च २०२४. पुन्हा तेच क्रीडागृह, पुन्हा समोर ओहायो स्टेट. त्या दिवशी क्लार्कने पीट मॅरॅव्हिच या पुरुष खेळाडूचा चोपन्न वर्षांचा गुणविक्रम मोडला आणि आयोवा ९३-८३ असे जिंकले. त्याच्या दीडेक महिना आधी, जानेवारीत, त्या एकत्र झालेल्या क्रीडा विभागाच्या प्रमुखपदी विद्यापीठाने बेथ गोट्झ यांची नेमणूक केली होती.

चूल एकच राहिली. पण वाढणाऱ्या हाती पुन्हा बांगडी आली. ग्रँटबाईंना एवढ्यावर समाधान वाटले असते का? टाळ्या त्यांनी नक्की वाजवल्या असत्या. आणि मग विचारले असते, बाकीच्या विद्यापीठांचे काय?