शिकागोतला ‘किंग्ज इंडियन’

शिकागोत कंपन्यांच्या संघांची एक बुद्धिबळ लीग आहे, शिकागो इंडस्ट्रियल चेस लीग. दिवसभर ऑफिस करायचं नि संध्याकाळी पट मांडून बसायचं! गेल्या हंगामातल्या शेवटच्या लढतीत बाकीच्या पटांवर बरोबरी झाली आणि सगळा भार माझ्या डावावर आला.

मी काळी मोहरी घेऊन किंग्ज इंडियन खेळत होतो. यात पांढऱ्याला पटाचा मध्य खुशाल बळकावू द्यायचा. आपण घोडा काढायचा, उंट जी-७ वर ठेवायचा, किल्लेकोट करायचा आणि मग ई-५. त्याने डी-५ करून मध्य बंद केला, की तो वजिराच्या बाजूने घुसतो आणि आपण एफ-५, एफ-४ करत त्याच्या राजावर चालून जातो. एकदा निघालं की मागे फिरणं नाही.

त्याचा हत्ती माझ्या घरात शिरत असतानाच त्याने बरोबरी देऊ केली. मी नाही म्हटलं. एच-३ वर उंटाचा बळी दिला, राजाचं छप्पर उडालं. पण मात काही होईना. शेवटी शहावर शह देत डाव बरोबरीतच सुटला, लढतही.

मोहरी आवरताना त्याने विचारलं, “याला इंडियन का म्हणतात?” म्हटलं, १९व्या शतकाच्या मध्याला कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी असे डाव खेळत. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरके. ही सबुरीची मांडणी त्या सवयीतूनच आली असावी. माझे आजोबाही तसंच खेळायचे. एकदम दोन घरं पुढे जाणं म्हणजे त्यांच्या मते साहेबाची लबाडी!