घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलंय? थेट एमआरआयला पळू नका, आधी हे वाचा

'वय झालं, आता विसरणारच,' असं म्हणत अनेक घरांत एक आजार अंगावर काढला जातो. त्याचं नाव स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया. देशात ६० वर्षांवरील दर १०० जणांपैकी साधारण ७ जणांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आढळलं.

साधा विसर की आजार?
चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं ही साधी गोष्ट. पण रोजच्या शेताची वाट चुकणं, नातवाचं नाव न आठवणं, पैशांचा हिशेब न जमणं, एकच प्रश्न दहा वेळा विचारणं, असं वाढत चाललं तर तपासणी हवीच.

सुरुवात गावातूनच
आशाताई घरी येऊन आरोग्याचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न त्यात साठीपुढच्यांसाठी असतो. लाजेखातर 'नाही' म्हणू नका. पुढे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. ते बीपी, शुगर तपासतात, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात आणि गरजेप्रमाणे मोठ्या दवाखान्यात पाठवतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा. झोपेच्या काही गोळ्यांनीही विसर वाढतो.

मग स्कॅन कशाला?
नुसता मेंदूचा फोटो पाहून डिमेन्शिया ठरत नाही. घरच्यांनी सांगितलेली हकीकत, स्मरणशक्तीची चाचणी, रक्ततपासणी आणि स्कॅन हे सगळं जुळवून डॉक्टर निदान करतात. अल्झायमरमध्ये मेंदूचा आठवणी साठवणारा भाग आक्रसलेला दिसू शकतो. पण सुरुवातीला स्कॅन नॉर्मलही येतो.

स्कॅनचा मोठा फायदा म्हणजे विसरण्यामागचं दुसरं कारण सापडतं. म्हातारं माणूस पडलं, तर काही आठवड्यांनीही मेंदूवर साचलेलं रक्त त्यात दिसतं. गाठ, साचलेलं पाणी, लकव्याचे छोटे झटकेही कळतात. साचलेलं रक्त ऑपरेशनने काढता येतं. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईड रक्ततपासणीत कळतं, त्यावर औषध आहे. म्हणजे प्रत्येक विसर कायमचा नसतो. म्हणूनच उशीर महागात पडतो.

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. एमआरआयला जास्त वेळ लागतो, पण बारकावे अधिक दिसतात. कोणता करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा.

जाताना लक्षात ठेवा
- त्रास कधीपासून आहे, कसा वाढला, ते लिहून न्या.
- रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या.
- जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं न्या.

अचानक गोंधळ उडाला, बोबडी वळली किंवा एक बाजू लुळी पडली तर थांबू नका, १०८ ला फोन करा. ज्येष्ठांसाठी मदतीचा क्रमांक १४५६७, तर सांभाळणाऱ्यांच्या मनावर ताण आला असेल तर टेली-मानस १४४१६.